पाणी पाजलं, तावही हवा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



'पाणीदार' हा शब्द आपण तलवारीला लावतो, तसाच माणसालाही लावतो. लोहाराच्या भाषेत 'पाणी पाजणं' म्हणजे तापलेलं पोलाद एकदम थंड करून कडक करणं. पण नुसतं पाणी पाजलेलं पातं कामाचं नसतं, हे चांगल्या लोहारालाच माहीत असतं. आज त्याविषयीच बोलायचं आहे.

किनवट हा सागाच्या जंगलाचा तालुका. इथे कुऱ्हाड, विळा, खुरपं, सुरी यांच्यावाचून दिवस जात नाही. गावचे लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी ही हत्यारं घडवत आले. पोलाद बहुधा मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाट्यांचं. या पाट्यांत कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो. साध्या लोखंडी पट्टीत तो फारच कमी असतो. म्हणून ती कितीही तापवून बुडवली तरी धार धरत नाही.

पहिली गोष्ट तापवण्याची. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाची चुंबकाशी ओढ सुटते. त्यानंतर थोडं अधिक, म्हणजे ८५० अंशांच्या आसपास तापवलं की पुरे. रंग नारिंगीकडे झुकणारा लाल दिसतो. भर उन्हात तो ओळखू येत नाही, म्हणून हे काम सावलीत करावं. पोलाद पिवळं-पांढरं होईपर्यंत भाता मारला, तर आतले कण मोठे होतात. तसा तुकडा मोडून पाहा, साखरेसारखा खरखरीत दिसेल. नीट तापवलेल्या तुकड्याचा भंग बारीक, राखाडी असतो.

दुसरी गोष्ट थंड करण्याची. पाट्याचं पोलाद गार पाण्यात बुडवलं तर तडकण्याचा धोका असतो. त्याला तेल मानवतं, तेही कोमट. कोमट तेल पातळ होतं आणि पात्याला सगळीकडून सारखं भिडतं. इंजिनचं जळकं ऑइल वापरू नये. त्याचा धूर छातीला वाईट. बाहेर काढल्यावर कानस घासून पाहावी. ती पात्यावरून नुसती घसरली, तर पाणी बसलं असं समजावं.

इथेच अनेकजण थांबतात, आणि चूक होते ती इथेच. हे पातं आता काचेसारखं ठिसूळ असतं. गाठीच्या लाकडावर बसलं की तुकडा उडतो, आणि तो डोळ्यात जाऊ शकतो. म्हणून तिसरी पायरी, दुसरा हलका ताव. पातं घासून चकचकीत करावं आणि मंद आचेवर धरावं. आधी फिकट पिवळा रंग येतो, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा. फिकट पिवळा साधारण २२० अंशांना, निळा ३०० अंशांच्या जवळ. सुरी पिवळ्या-तपकिरी रंगावर थांबवावी. घाव सोसणारी कुऱ्हाड जांभळ्यापर्यंत न्यावी. कडकपणा थोडा उतरतो आणि त्या बदल्यात चिवटपणा येतो. जुने लोहार फक्त धारेची बाजू बुडवतात आणि पाठीत उरलेल्या उष्णतेनेच हा ताव धारेपर्यंत येऊ देतात.

हा मुलूख पोलादाला नवखा नाही. किनवट १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होतं. तिथून दक्षिणेला, गोदावरीपलीकडे, निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रम गावी मुशीत पोलाद बनत असे. ते घ्यायला इराणचे व्यापारी येत. त्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास. युरोपातल्या लोहारांनी ते आपल्या सवयीने पांढरंशुभ्र तापवलं, तर घणाखाली त्याचा भुगा व्हायचा. माल उत्तम असला तरी त्याला किती ताव सोसतो हे कळावं लागतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकामाचा समावेश झाला, प्रशिक्षणाची आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतच्या मदतीची सोय झाली. त्या प्रशिक्षणात एक चुंबक, एक कानस आणि दुसऱ्या तावाचा एक तास एवढं आवर्जून असावं. खर्च नगण्य आहे. पण रानात वाकून विळा चालवणाऱ्या बाईचा हात आणि डोळा त्यावर अवलंबून आहे.

विळा घेताना आपणही धार पाहून थांबू नये. 'ताव दिलाय का?' एवढं लोहाराला विचारावं. जाणता लोहार या प्रश्नाने रागावणार नाही. आपल्या कामाची पारख असलेलं गिऱ्हाईक भेटलं, याचा त्याला आनंदच होईल.