मंडळ गेले, घरे राहिली

लहान संस्थेच्या हातून टिकाऊ काम होत नाही, असा एक समज रूढ आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडील नॉरफोक परगण्यातील लॉडन ग्रामीण मंडळाची हकीकत ऐकली, म्हणजे हा समज फोल ठरतो.

इंग्लंडमधील खेड्यांच्या आरोग्यव्यवस्थेसाठी १८७२ साली ग्रामीण आरोग्य-विभाग निर्माण झाले. १८९४ च्या कायद्याने त्यांचा कारभार लोकनियुक्त मंडळांकडे आला. अनेक खेडी मिळून एक मंडळ होई. सांडपाणी, पिण्याचे पाणी आणि घरे ही त्याची कामे. स्त्रियांनाही या मंडळांवर निवडून येण्याची मुभा मिळाली. पार्लमेंटचे दार त्यांना १९१८ पर्यंत बंदच होते. मौज अशी की, मुंबई इलाख्यात लोकल बोर्डांचा कायदा याच्याही दहा वर्षे आधी, १८८४ साली, झाला होता.

लॉडनचा मुलूख शेतकीचा. तेथील पुष्कळ शेतमजूर मालकाच्याच घरात राहत. नोकरी सुटली की डोक्यावरचे छप्परही सुटे. अशा माणसाला मंडळाच्या भाड्याच्या घराचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको. दुसऱ्या महायुद्धानंतर मंडळाने हे काम नेटाने हाती घेतले आणि हर्बर्ट टेलर व डेव्हिड ग्रीन या दोन वास्तुशिल्पज्ञांवर ते सोपविले. तीसएक वर्षांत सुमारे ७०० घरे उभी राहिली.

गरिबाचे घर म्हणून ते ओबडधोबड असावे, हे या दोघांना मान्य नव्हते. सपाट, उघड्या प्रदेशात सुटी घरे न विखुरता त्यांनी घरांच्या ओळी बांधल्या. त्यामुळे खर्च वाचला आणि वाऱ्यालाही आडोसा झाला. परसात कोळसा किंवा सायकल नेताना राहत्या खोल्यांतून जावे लागू नये, याचीही तजवीज त्यांनी केली. डिचिंगहॅम येथे तर एका हिरव्या मैदानाभोवती घरे मांडली. कित्येक घरांच्या त्रिकोणी भिंतींवर बांधणीचे साल विटांतच कोरल्यासारखे उमटविले.

१ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील सारी ग्रामीण मंडळे बरखास्त झाली. लॉडनचे मंडळ दक्षिण नॉरफोक या मोठ्या जिल्ह्यात मिसळून गेले. १९८० च्या कायद्याने सरकारी भाडेकरूंना राहते घर विकत घेण्याचा हक्क मिळाला, तेव्हा अशा घरांची मालकीही पालटू लागली. पुढे लॉडनच्या काही वसाहतींना संरक्षित वास्तूंचा मान मिळाला. एरवी हा मान वाडे आणि चर्चे यांना मिळावयाचा.

महाराष्ट्रातील लोकल बोर्डेही १९६२ साली गेली आणि जिल्हा परिषदा आल्या. संस्था येतात, जातात. तिने कोणाला निवारा दिला, एवढेच शेवटी मागे उरते. लॉडनमध्ये ते भिंतीवरच्या सालांत आजही वाचता येते.