आगबोटीचा शेवटचा टप्पा इगतपुरी

इगतपुरी सह्याद्रीच्या माथ्यावर आणि समुद्र खाली शंभरावर किलोमीटर दूर. तरी दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या बॅलार्ड पिअरला सैनिकांनी भरलेली बोट लागली, की तिचा भार अनेकदा इगतपुरीच्या यार्डावर यायचा.

या बोटी मुळात उतारूंच्या. 15 ऑगस्ट 1931 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून निघाले ते पी अँड ओ कंपनीच्या ‘मुलतान’ बोटीने. 1939 मध्ये त्याच ‘मुलतान’वर तोफा चढल्या आणि 1941 पासून ती सैनिक वाहू लागली. त्याच परिषदेला महात्मा गांधींना नेणारी ‘राजपुताना’ही तोफा घेऊन युद्धात उतरली, एप्रिल 1941 मध्ये आइसलंडच्या पश्चिमेला जर्मन पाणबुडीने तिला बुडवलं.

युद्ध लागलं, की बोटीवरचे गालिचे नि उंची फर्निचर उतरायचं आणि वर राखाडी रंग चढायचा. जेवणाच्या लांब टेबलांवरच रात्री झोळ्या टांगायच्या. उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्या बंद; तांबड्या समुद्राच्या उकाड्यात त्या बंद पोटात माणसं कशी झोपत असतील, या विचारानेच जीव गुदमरतो. सुमारे हजार उतारूंसाठी बांधलेल्या ‘स्ट्रॅथॅलन’वर डिसेंबर 1942 मध्ये साडेचार हजारांवर सैनिक आणि परिचारिका होत्या. त्याच फेरीत अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ ती बुडाली.

मुंबईला उतरलेल्या कितीतरी पलटणींचा पहिला मुक्काम घाटावरच्या देवळालीची छावणी. एका गाडीत आठशे माणसं धरली, तरी एका मोठ्या बोटीमागे पाच-सहा गाड्या घाट चढणार. थळ घाटाचा चढ 37 फुटांना एक फूट. पायथ्याशी कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागायची आणि ढकलत वर आणायची. त्या काळी विजेच्या तारा इगतपुरीपर्यंतच होत्या. म्हणून इथे प्रत्येक गाडी थांबायची. मागचे बँकर सुटायचे, पुढचं विजेचं इंजिन बाजूला व्हायचं आणि शेडमधून वाफेचं इंजिन मागे-मागे येत डब्यांना जोडलं जायचं. पॉइंट्समननं रूळ बदलायचा, जोडणाऱ्यानं इंजिन आणि डब्याच्या मधे वाकून कपलिंग अडकवायचं, फायरमननं वाफ तयार ठेवायची. श्रावणातल्या इगतपुरीच्या पावसात, धुक्यात, कंदिलाच्या उजेडात. पुढे देवळाली पंचेचाळीस किलोमीटर.

युद्धाच्या पुस्तकांत सेनापती भेटतात, बोटींची नावं भेटतात. मला या वाटेवर राबलेली माणसं महत्त्वाची वाटतात. बोटीवरही आपलीच माणसं होती. रत्नागिरीकडचे सारंग, टंडेल, खलाशी डेकवर. भटारखान्यात आणि सलूनमध्ये गोव्याचे लोक, ज्यांचा मुंबईतला आसरा म्हणजे धोबीतलावाकडचे गावागावांचे कूड. ‘रोहना’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची 1926 ची बोट. 26 नोव्हेंबर 1943 ला अल्जीरियाजवळ जर्मन विमानाने सोडलेला, रेडिओने वळवता येणारा बॉम्ब तिच्यावर पडला. भारताकडच्या आघाडीवर निघालेले हजारावर अमेरिकी सैनिक गेले. त्यांच्याबरोबर बोटीवरचे शंभराहून अधिक कर्मचारीही गेले, आणि त्यांत बहुतेक हिंदी खलाशी होते. अमेरिकी सैनिकांची आठवण त्यांच्या देशात जागती आहे. खलाशांच्या घरी मात्र, कोकणात असो वा आणखी कुठे, तेवढी तार आली असेल.

1945 नंतर गाड्यांची दिशा उलटली. देवळालीत होमवर्ड बाउंड ट्रूपिंग डेपो होता. घरी जायला निघालेले गोरे सैनिक तिथे बोटीच्या तारखेची वाट बघत बसायचे. तारीख आली, की गाडी इगतपुरीला यायची, वाफेचं इंजिन सुटायचं, विजेचं लागायचं. घाट उतरण्याआधी ब्रेक तपासून घ्यावे लागत.

दुसऱ्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या हिंदी खलाशांची नामावली मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जपलेली आहे. मुंबईला जाणं झालं, तर ती जरूर पाहा. आणि घाटात या गाड्या चढवणाऱ्या रेल्वे कामगारांची नातवंडं आज इगतपुरीत असतील, तर त्यांनी आजोबांच्या आठवणी लिहून काढाव्यात, एवढी माझी विनंती आहे.