कातरकाम आणि कोलाज



‘कोलाज’ हा मूळचा फ्रेंच शब्द, अर्थ चिकटविणे. १९१२ साली पिकासोने चित्रात वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड डकविले. कलेचे ग्रंथ बहुधा तेथूनच सुरुवात करतात. पण त्याच्या १४० वर्षे आधी, १७७२ साली, मेरी डेलनी या बाहत्तर वर्षांच्या इंग्रज विधवाबाई रंगीत कागद कातरून काळ्या कागदावर फुले चिकटवू लागल्या. नजर अधू होईपर्यंत, दहा वर्षांत त्यांनी जवळजवळ हजार फुले केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

माझ्या आईची रंगीबेरंगी ठिगळांची गोधडी मात्र मी जुनेर म्हणून टाकून दिली. ती रुखरुख अजून जात नाही. भगिनींनो, तुमच्या घरी असे काही असेल, तर त्यावर करणारीचे नाव आजच टाचून ठेवा.