केडगावची वाट आणि आपल्या विहाराच्या पायऱ्या

(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आमच्या महिला मंडळाला आज पंधरा मिनिटे दिलेली आहेत. विषय दिला आहे 'केडगाव भेटीचा वृत्तांत'. पण वृत्तांत सांगण्याआधी एक गोष्ट मोकळेपणाने बोलून टाकतो. आम्ही केडगावला जाऊन आलो हे कळल्यावर मोहल्ल्यातल्या काही ज्येष्ठांनी आम्हाला विचारलं, "बौद्ध बायांचं ख्रिस्ती मिशनमध्ये काय काम?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आम्ही आज सर्वांसमोर देणार आहोत, कारण घरोघरी देत बसलो तर चहाच फार प्यावा लागेल.

सुरुवात झाली धुळ्याला. ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर थांबले होते. त्या आठवणीत दरवर्षी ३१ जुलैला तिथं आपली माणसं जमतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्या गर्दीत धुळ्याच्या एक ताई भेटल्या. त्यांची मुलगी जन्मापासून आंधळी, नऊ वर्षांची. ताई तिचा हात धरून एका झाडाखाली बसल्या होत्या. आम्ही विचारलं, मुलगी कितवीत आहे? त्या म्हणाल्या, "शाळेत नाही. मास्तर म्हणतात, तिला दिसत नाही तर फळ्यावरचं कसं वाचंल?" आणि आमच्यातलीच एक म्हातारी माय शेजारून बोलली, "मांगला जलमनं भोगी राह्यनी पोर." ती माय मनाची वाईट नाही. ताईंच्या मुलीला तिनंच आपल्या पिशवीतला लाडू दिला. पण बाबासाहेबांच्या स्मृतिस्थळी, निळ्या झेंड्याखाली, आपल्याच तोंडून मागचा जन्म निघाला. ते वाक्य परतीच्या एस.टी.त आमच्याबरोबर जळगावपर्यंत आलं.

तिथंच ठरलं की अशा मुलांना शिकवणारी जुनी जागा एकदा डोळ्यांनी पाहायची. १ जानेवारीला भीमा कोरेगावला मानवंदनेला आम्ही जातोच. आधी पत्र पाठवून परवानगी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्रूझर गाडीने शिक्रापूर, न्हावरा या वाटेने केडगाव-चौफुल्याला आलो. गाडीत आम्ही नऊ जणी होतो. धुळ्याच्या ताई आणि त्यांची मुलगीही होती. केडगाव म्हणजे दौंड तालुका. आपल्याकडून रेल्वेने जायचं तर मनमाड, नगर, दौंड अशी वाट.

तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. रमाबाईंचं नाव आपल्या मुलींना शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत भेटतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. जन्म १८५८ चा, ब्राह्मण घराण्यातला. वडिलांनी मुलीला संस्कृत शिकवलं, हाच त्या काळी मोठा गुन्हा. आईवडील अन्नान्न दशेत गेले. १८८० साली त्यांनी जातीबाहेर, बिपिन बिहारी मेधावी या बंगाली गृहस्थांशी लग्न केलं. दोन वर्षांच्या आत पती वारले, पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकायला. पण रमाबाईंना ऐकू कमी येत होतं आणि त्या कारणानं वैद्यकीचं दार बंद झालं. बहिणींनो, हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. संस्कृतची पंडिता, सभा गाजवणारी बाई, ती स्वतः बहिरेपणाशी झगडत होती. आपण फोटोला हार घालतो, पण फोटोतल्या माणसाचे कान आपल्याला दिसत नाहीत.

इंग्लंडमध्येच त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला आणि इकडं पुण्यात आगडोंब उसळला. त्या वेळी त्यांची बाजू कोणी घेतली? महात्मा जोतिबा फुल्यांनी. १८८५ च्या 'सत्सार' मध्ये त्यांनी रमाबाईंचं समर्थन केलं. बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं त्या फुल्यांनी ज्या बाईला पाठिंबा दिला, तिच्या दारात आम्ही गेलो तर काय बिघडलं, एवढंच ज्येष्ठांना विचारायचं आहे.

१८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हलवलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्य प्रांतात फिरून उपाशी, टाकलेल्या मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळावर जागा होती तिथं मुक्ती सदन उभं राहिलं, १८९८ साली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या पोरींमध्ये आंधळ्याही होत्या. दुष्काळात घरचे लोक आधी कोणाला सोडतात, हे आपल्या आज्यांनी भोगलेलं आहे, ते आम्ही सांगायला नको. या आंधळ्या मुली-बायांसाठी रमाबाईंनी वेगळं घर केलं. त्याचं नाव बार्तिमी सदन. बायबलमध्ये बार्तिमय नावाचा एक आंधळा भिकारी आहे, त्याच्यावरून हे नाव. मुलगी मनोरमा मोठी झाली होती. तिनं ब्रेल शिकवायला घेतलं.

ब्रेल म्हणजे सहा टिंबं. दोन रांगा, एकेकीत तीन. लुई ब्रेल हा फ्रान्सचा आंधळा मुलगा, त्यानं १८२९ मध्ये ही लिपी छापून जाहीर केली. त्या सहा टिंबांच्या उलटसुलट मांडणीत सारी मुळाक्षरं बसतात, मराठीचीसुद्धा. आम्ही जाड कागदावर बोट फिरवून पाहिलं. आम्हाला नुसती खरखर लागली. ताईंच्या मुलीनं मात्र त्याच कागदावर बोट ठेवलं आणि उचलीना. आई म्हणाली, "चल आता", तरी उचलीना. आम्ही सगळ्या गप्प उभ्या राहिलो.

एक फजितीही सांगून टाकतो. तिथल्या एका आंधळ्या आजींशी आम्ही मोठमोठ्यानं बोलू लागलो, जणू त्यांना ऐकूच येत नाही! त्या हसल्या. डोळे नाहीत म्हणजे काहीच नाही, असा हिशेब आमच्या डोक्यात कधीपासून बसलेला आहे, तो तिथं उघडा पडला.

आता मुख्य शंका. "ते लोक धर्म बदलण्यासाठीच हे करतात." १८९३ साली शारदा सदनावर हाच आरोप झाला, पुण्याच्या सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली नेल्या. रमाबाई स्वतः निष्ठावंत ख्रिस्ती होत्या, बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी मरेपर्यंत केलं, ते काही लपवलेलं नाही. आमचं मत असं की भुकेल्या लेकराला अन्न देताना त्याच्या अडचणीचा फायदा घेऊ नये, मग देणारा कोणत्याही धर्माचा असो. पण १९५६ साली स्वतः धम्म स्वीकारणाऱ्या समाजानं दुसऱ्याच्या धर्मांतराला नावं ठेवू नयेत. आणि आंधळ्या-बहिऱ्या मुलांसाठी आपल्या देशात पहिल्या शाळा कोणी काढल्या? मुंबईत १८८५ ची बहिऱ्या-मुक्या मुलांची शाळा कॅथलिक बिशप लिओ म्युरिन यांची. १८८७ ची अमृतसरची अंधशाळा ॲनी शार्प या मिशनरी बाईंची. १९०० ची मुंबईची अंधशाळा, जी पुढे दादरला नावारूपाला आली, ती अमेरिकन मराठी मिशनच्या मिस मिलर्ड यांची. परदेशातून आलेल्या परक्या माणसांनी आपली टाकलेली लेकरं उचलली. याची आम्हाला केडगावला थोडी लाज वाटली, खोटं कशाला बोलायचं.

लाज वाटण्याचं कारण आपल्याच ग्रंथांत आहे. विनयपिटकाच्या महावग्गात कथा आहे. एक भिक्खू अतिसारानं आपल्याच घाणीत पडला होता. तो इतरांचं काही काम करत नाही म्हणून कोणी त्याच्याकडं पाहत नव्हतं. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं आणि मग संघाला सांगितलं की ज्याला माझी सेवा करायची त्यानं आजाऱ्याची करावी. ही कथा वर्षावासात आपण ऐकतो. चक्खुपाल थेरांचीही ऐकतो. ते आंधळे झाले, कारण मागच्या जन्मी वैद्य असताना त्यांनी एका बाईचे डोळे घालवले, असं अट्ठकथेत आहे. लोकांच्या लक्षात तेवढंच राहतं. पण त्याच कथेत आधी असं आहे की चक्रमण करताना चक्खुपालांच्या पायाखाली किडे मेले, भिक्खूंनी तक्रार केली आणि बुद्धांनी विचारलं, त्यानं पाहून मारले का? चेतना नाही तर दोष नाही. आंधळ्या माणसाची बाजू बुद्धांनी घेतली, हा भाग आपण विसरतो. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी साफ लिहिलं आहे की पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त गरिबांच्या दुःखाची जबाबदारी समाजाच्या अंगावरून झटकण्यासाठी वापरला जातो. भन्तेजींची क्षमा मागून म्हणतो, पुढच्या वर्षावासात चक्खुपालांची कथा पूर्ण सांगावी.

केडगावचं सगळंच उचलावं असं नाही. त्या काळी मूल घरापासून तोडून आश्रमात ठेवण्याशिवाय इलाज नव्हता. आज कायदा आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा हवं तर विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मास्तर नाही म्हणाले म्हणून घरी बसायचं कारण उरलेलं नाही. पण त्यासाठी शासकीय रुग्णालयाचा दाखला लागतो. आम्ही आल्यावर आपल्या चार गल्ल्यांत फिरलो. अशी अकरा मुलं सापडली. दाखला होता चौघांकडं. दोन घरांत आम्हाला सांगितलं, "आमच्याकडं असं कोणी नाही", आणि आतून आवाज येत होता. त्या घरांना आम्ही दोष देत नाही. बहिणीचं लग्न जमणार नाही ही भीती खरी आहे आणि ती भीती आपण सर्वांनी मिळून घातलेली आहे.

आता शेवटचं, समितीसाठी. आपल्या गल्लीतला एक मुलगा, वय बारा, पाय चालत नाहीत. त्याची आई दर रविवारी त्याला कडेवर घेऊन वंदनेला येते आणि खाली चपलांजवळ बसते, कारण बारा वर्षांचं पोर घेऊन सात पायऱ्या तिला चढवत नाहीत. आम्ही वर बसून 'सब्बे सत्ता सुखी होन्तु' म्हणतो. आजवर आमच्यापैकी कोणी उठून खाली गेलेलं नाही, आमच्या मंडळातलंही नाही.

कमानीसाठी वर्गणी जमलेली आहे. कमान व्हावी, आम्हीही वर्गणी दिली आहे. पण आधी उतार व्हावा असा आमचा लेखी अर्ज आज समितीकडं देत आहोत. आम्ही मोजून पाहिलं. सात पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे साडेतीन फूट चढ. खुर्ची ढकलता यावी म्हणून एक फुटाला बारा फूट लांबी धरतात, म्हणजे बेचाळीस फूट. आपलं अंगण तीस फुटांचं आहे. त्यामुळं बोधिवृक्षाच्या कुंडीजवळ एक वळण घ्यावं लागेल आणि कुंडी चार फूट सरकवावी लागेल. मिस्त्री येत्या रविवारी वंदना झाल्यावर येणार आहे. कुंडी जड आहे, तरुण मंडळींनी थांबावं.

जय भीम! नमो बुद्धाय!