भरकटणाऱ्या गाडीचे निदान



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. वसंत ऋतूतल्या ह्या सभांमध्ये वेदान्ताची चर्चा होते, अर्थकारणावर वाद झडतात, काव्याचा रसास्वाद घेतला जातो. तेथे एका जुन्या विलायती स्पोर्ट्स गाडीचे स्टिअरिंग ढिले का होते, हे सांगायला आम्ही उभे राहावे, हे थोडे विसंगत दिसते खरे. पण हा विषय मूठभर हौशी लोकांचा नाही, असे आम्हाला नम्रपणे वाटते. दोषाचे खापर पहिल्या दिसेल त्याच्या माथी फोडायचे, की शांतपणे एकेक दुवा तपासत खऱ्या गुन्हेगारापर्यंत पोहोचायचे, हा प्रश्न वैद्यालाही पडतो, न्यायाधीशालाही पडतो आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीलाही पडतो. शिवाय येथे चूक झाली तर ती केवळ खिशाला भोवत नाही. ताशी साठ मैलांच्या वेगात एक सांधा निखळला, तर जीव जातो, आणि तो नेहमी गाडी चालवणाऱ्याचाच असतो असेही नाही.

बोलण्यासाठी एक विशिष्ट गाडी समोर ठेवू, म्हणजे हवेत बाण मारल्यासारखे होणार नाही. एम. जी. हे नाव ऑक्सफर्डच्या 'मॉरिस गॅरेजेस' वरून पडले. तिची 'एमजीबी' ही दोन आसनांची गाडी १९६२ साली ॲबिंग्डनच्या कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि १९८० साली तो कारखाना बंद होईपर्यंत निघत राहिली. पाच लाखांहून अधिक गाड्या झाल्या, त्यांतल्या पुष्कळशा समुद्र ओलांडून अमेरिकेत गेल्या. म्हणजे ह्या कुळातली सर्वांत धाकटी गाडीसुद्धा आज चाळिशी ओलांडून बसली आहे. चाळिशीनंतर माणसाचे सांधे बोलू लागतात, तसे हिचेही बोलतात.

हिची रचना साधी आहे. हातातल्या चक्राचा दांडा खाली जातो, वाटेत एका युनिव्हर्सल जॉइंटमधून वळतो आणि त्याच्या टोकाला पिनियन हे लहान दातेरी चाक असते. ते रॅक नावाच्या आडव्या दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवते. रॅकच्या दोन्ही टोकांना रबरी भात्यांच्या आत गोळ्याचे सांधे असतात. तेथून टाय-रॉड निघतात आणि आणखी एकेका सांध्याने चाकाच्या बाहूला जोडले जातात. चाक स्वतः किंगपिन नावाच्या जवळजवळ उभ्या खुंटीभोवती वळते. चक्रापासून रस्त्यापर्यंत ही एक साखळी आहे. प्रत्येक कडीत केसाएवढी झीज झाली, तरी हातात येते ती साऱ्यांची बेरीज.

आता पहिली पायरी, आणि ती हत्यारे न उचलताच चढायची आहे. मालक येऊन म्हणतो, "स्टिअरिंग खराब झालंय." ह्या एका वाक्यात दोन-तीन निराळे रोग दडलेले असतात. चक्र थोडे फिरवले तरी चाके हलतच नाहीत, ती ढिलाई. चक्र पक्के धरूनही गाडी रस्त्यावर इकडून तिकडे जाते, ते भरकटणे. आणि गाडी सतत एकाच बाजूला जाते, ती ओढ. ढिलाई बहुधा सांध्यांत असते, ओढ बहुधा टायरात किंवा ब्रेकात असते. भरकटण्याचा उगम मात्र कोठेही असू शकतो, गाडीच्या मागल्या टोकालासुद्धा. म्हणून आधी विचारावे: हे केव्हा होते? ब्रेक लावताना, वेग घेताना, की सरळ रस्त्यावर निवांत जाताना? नवे टायर, नवे पाटे घातल्यानंतर सुरू झाले काय? उत्तरातच अर्धे निदान असते.

दुसरी पायरी टायरांची. ती स्वस्त आहे, म्हणूनच ती सर्वांत जास्त वगळली जाते. हवा थंड टायरात मोजावी. हौशी गाडी वर्षातून थोडीच फिरते, त्यामुळे तिच्या टायरांवरची नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र म्हातारे होते. २००० सालापासूनच्या टायरांवर चार आकडे कोरलेले असतात. '२३१४' म्हणजे २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी पाहून फसू नये, जन्मतारीख वाचावी. पुढे रेडियल आणि मागे जुन्या पद्धतीचे क्रॉसप्लाय टायर असतील, तर ती जोडी ताबडतोब मोडावी. अशा गाडीचा मागला भाग वळणावर अचानक निसटतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर पुढची दोन चाके आपसांत बदलून पाहावी. ओढ बाजू बदलते काय? बदलली, तर दोष टायराचा. नाही बदलली, तर थोडे अंतर जाऊन आल्यावर दोन्ही चाकांच्या मध्यभागाजवळ जपून हात न्यावा. एक बाजू तापलेली असेल, तर तेथला ब्रेक सुटत नाही आहे.

तिसरी पायरी: गाडी जमिनीवरच उभी, एक साथीदार चक्रापाशी. त्याने चक्र थोडेथोडे, डावे-उजवे हलवत राहावे आणि आपण साखळीची एकेक कडी पाहत खाली जावे. रॅकच्या गाडीत चक्र बोटभर फिरूनही चाक जागचे हलत नसेल, तर हालचाल कोठेतरी हरवते आहे. ती कोठे हरवते, एवढेच शोधायचे. दांडा फिरतो, पण युनिव्हर्सल जॉइंटच्या पलीकडचा भाग उशिरा फिरतो काय? मग तो जॉइंट, किंवा त्याला आवळणारा बोल्ट. पिनियन फिरते, पण रॅकचे सबंध घरच आडव्या बीमवर सरकते काय? मग रॅक निर्दोष आहे, त्याला धरणारे बोल्ट ढिले आहेत. रॅक सरकतो, पण टाय-रॉड क्षणभर थबकतो काय? मग भात्याच्या आतला सांधा. बाहेरच्या सांध्यावर बोट टेकवून ठेवावे. डोळ्याला न दिसणारी 'टक्' बोटाला कळते. रबरी भाता फाटला असेल, तर आतले तेल गळून धूळ शिरलेली असणार, आणि धूळ व तेल मिळून जो लेप होतो, तो पॉलिशच्या दगडासारखे काम करतो.

चौथी पायरी चाक उचलून. येथे हात जोडून एक विनंती. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. भक्कम स्टँड लावावा, मागच्या चाकांना अडण द्यावी, मगच हात घालावा. चाक उचलल्यावर ते वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवावे. खळखळ जाणवली, तर साथीदाराला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबताच खळखळ थांबली, तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. कारण ब्रेकने चाक आणि त्याचा धारक एक केले, आणि त्यांच्यामधला ढिलेपणा झाकला गेला. ब्रेक दाबूनही खळखळ राहिली, तर किंगपिनचे बुश किंवा त्याच्या तळाचा आडवा पिन झिजला आहे. इतक्या साध्या युक्तीने दोन रोग वेगळे करता येतात, ह्याचे आम्हाला दरवेळी कौतुक वाटते. नंतर तेच चाक तीन आणि नऊच्या जागी धरून हलवावे. टाय-रॉडचे सांधे पुन्हा बोलू लागतील. तारांची चाके असतील, तर आणखी एक चोर शोधावा. ती चाके दातेरी हबवर बसतात. दाते झिजले की वेग घेताना आणि सोडताना 'टक्' असा आवाज येतो, आणि मालक तो आवाज स्टिअरिंगचा समजतो.

किंगपिनबद्दल थोडे थांबून बोलले पाहिजे. एमजीबीला प्रत्येक बाजूस ग्रीसच्या तीन निपल आहेत आणि दर तीन हजार मैलांनी तेथे ग्रीस द्यावे, अशी कारखान्याची शिकवण होती. आजच्या गाड्यांना अशी निपल नसतात, म्हणून नवा मालक हे काम विसरतो. मग एक चमत्कार होतो. सुकलेला किंगपिन ढिला होण्याऐवजी ताठरतो. वळण घेतल्यावर चाके आपोआप सरळ होत नाहीत. चालक ती हाताने सरळ करतो, थोडी जास्त करतो, पुन्हा उलटी फिरवतो, आणि गाडी नागमोडी जाऊ लागते. चालकाला वाटते, स्टिअरिंग ढिले आहे. खरे तर ते घट्ट आहे! रॅकच्या पाठीशी दाब देणारा तुकडा असतो. ढिलाई काढण्याच्या उत्साहात तो फार आवळला, तरी हेच घडते. ढिलाईचे औषध म्हणून आवळत राहणे, हा ह्या विद्येतला सर्वांत मोठा अडाणीपणा होय.

पाचवी पायरी मागे. एमजीबीचा मागला ॲक्सल पाट्यांवर बसलेला आहे. त्याला धरणारे यू-बोल्ट ढिले झाले, किंवा पाट्याच्या पुढच्या डोळ्यातला रबरी बुश गेला, की ॲक्सल किंचित तिरपा होतो. मग मागची चाकेच गाडी वळवू लागतात. खूण अशी: ॲक्सिलरेटर दाबला की गाडी एका बाजूला झुकते आणि सोडला की दुसऱ्या बाजूला. ही खूण दिसली, तर पुढे कितीही नवे सांधे घाला, गाडी सुधारणार नाही. ज्याने पुढचा सबंध रॅक बदलला आणि गाडी तशीच राहिली, त्याने बहुधा मागे वळून पाहिलेलेच नसते.

सहावी आणि शेवटची पायरी चाकांच्या कोनांची. ती शेवटी का? झिजलेल्या सांध्यांवर घेतलेले माप पुढच्या खड्ड्यात खोटे ठरते, म्हणून. पुढची चाके पुढल्या बाजूस किंचित जवळ असावी लागतात. ह्या गाडीत हा फरक इंचाचा सोळावा भाग ते तीन-बत्तिसांश, म्हणजे दीड ते सव्वादोन मिलिमीटर इतकाच. तो घरीही पाहता येतो. दोन्ही टायरांच्या मागे, हबच्या उंचीवर खडूची खूण करावी, अंतर मोजावे. गाडी पुढे ढकलून त्याच खुणा पुढे आणाव्या आणि पुन्हा मोजावे. दोन मापांतला फरक म्हणजे उत्तर.

दुसरा कोन कॅस्टरचा. सायकलचा पुढचा चिमटा कलता असतो, हे आपण रोज पाहतो. त्या कलाची रेषा जमिनीला टेकते ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे, म्हणून चाक मागून ओढल्यासारखे सरळ राहू पाहते. एमजीबीचा किंगपिन असाच सुमारे सात अंश मागे कललेला आहे. आता गाडीच्या मागे फार उंच कमानीचे नवे पाटे घातले, तर सारी गाडी पुढे झुकते, तो कल कमी होतो आणि सरळ जाण्याची ओढही तितकीच घटते. पाटे नवे, बिल मोठे आणि गाडी पूर्वीपेक्षा चंचल, ह्या कोड्याचे उत्तर हे असते.

ह्याच घराण्यातली १९४५ ते १९४९ मधली 'टीसी' हिची गोष्ट निराळी आहे. तिला रॅक नाही. बंद पेटीत पेचदार खोबण आणि तिच्यात फिरणारी खुंटी आहे. माणूस बहुतेक वेळ सरळच जातो, म्हणून ती खोबण मधोमध जास्त झिजते. मधली ढिलाई पूर्ण काढायला गेले, तर टोकाच्या वळणांवर पेटी आवळून बसते. येथे शहाणपण म्हणजे थोडी ढिलाई ओळखून सोडणे, नाहीतर झिजलेला भागच बदलणे. मधला मार्ग फक्त दिसायला सोपा आहे.

कोणी विचारील, इतका खटाटोप करण्यापेक्षा सगळेच भाग नवे का घालू नयेत? पैसा असेल त्याने घालावेत. पण त्यात दोन धोके आहेत. एक, खरा दोष त्या यादीत नसेल, तर तो नव्या भागांच्या आड सुखरूप लपून बसतो. दुसरा, मालकाच्या मनात गाडी दुरुस्त झाल्याची खात्री बसते, आणि ह्या खोट्या खात्रीने तो पूर्वीपेक्षा वेगाने जातो. भीती बाळगून हळू जाणारा निदान वाचतो तरी. म्हणून आमचे म्हणणे एवढेच: एका वेळी एकच गोष्ट बदलावी, बदलल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी आणि काय फरक पडला ते वहीत लिहावे. सांध्याचा कॉटर पिन किंवा लॉकनट बसला की नाही, हे मात्र दोघांनी स्वतंत्रपणे पाहावे. हे काम आपल्या आवाक्याबाहेरचे वाटले, तर जाणत्या मिस्त्रीकडे जावे. त्यात कमीपणा नाही. पण त्याला 'रॅक बदला' असे सांगू नये. गाडी केव्हा, कोठे, कशी वागते ते सांगावे. वैद्याकडे जाताना आपण औषधाचे नाव घेऊन जात नाही, दुखणे घेऊन जातो.

स्पोर्ट्स गाडी वेगासाठी असते, असा समज आहे. आजची साधी कुटुंबवत्सल गाडीही ह्या जुन्या गाडीला सहज मागे टाकील. तरी लोक तिला जपतात, ते रस्ता तळहातांना कळतो म्हणून. ते कळणे जिथे हरवते, तिथे गाडीचा आत्माच हरवतो, आणि त्याबरोबर तिच्यात बसलेल्यांची सुरक्षितताही जाते. दोन्ही परत मिळवण्याची वाट एकच आहे, आणि तिला घाई चालत नाही.