बिन लादेनच्या ड्रायव्हरचा वकील
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सेक्रेटरींनी ‘कायद्यावर काहीतरी बोला’ म्हटलं, तेव्हा अनेकांना वाटलं असेल की आता हे डीम्ड कन्व्हेयन्सवर तासभर बोलणार. तो विषय पुढच्या सर्वसाधारण सभेला आहेच. आज मला एका माणसाची गोष्ट सांगायची आहे.

इथे राहायला आल्यापासून मला सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, “काका, चोर आहे हे दिसत असताना तुम्ही त्याचं वकीलपत्र घेता कसं?” बी विंगमध्ये चोरी झाली होती, जुन्या सभासदांना आठवत असेल. पकडलेल्या मुलाची केस लीगल एडकडून माझ्याकडे आली आणि मी ती घेतली. त्या वर्षी गणपतीच्या आरतीचं ताट माझ्यापर्यंत आलंच नाही. असो.

गोष्ट आहे चार्ल्स स्विफ्ट यांची. अमेरिकेच्या नौदल अकादमीतून ते १९८४ साली बाहेर पडले, काही वर्षं जहाजांवर काढली, मग कायदा शिकले आणि नौदलाच्याच विधी विभागात, ज्याला ‘जॅग’ म्हणतात, तिथे वकील झाले. गणवेशातला वकील. पगार सरकारचा, हुद्दा लेफ्टनंट कमांडर.

२००३ साली त्यांच्याकडे एक आरोपी सोपवला गेला. नाव सलीम हमदान, येमेनचा, फारसा न शिकलेला. अफगाणिस्तानात ओसामा बिन लादेनची गाडी चालवायचा. २००१ च्या शेवटी पकडला गेला आणि मग ग्वांतानामोच्या तळावर ठेवला गेला. न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांना दोन वर्षं झाली होती, जखम ओली होती. अशा वेळी या माणसाचा बचाव करायचा!

त्यातही गंमत, म्हणजे गंमत कसली, अशी की आरोपीला भेटायची परवानगी गुन्हा कबूल करण्याची बोलणी करण्यासाठी होती. स्विफ्ट यांनी पुढे सिनेटच्या समितीसमोर हे सांगितलं. म्हणजे वकील द्यायचा, पण तो सही आणण्यापुरता. स्विफ्ट यांनी हमदानला भेटून दुसराही रस्ता आहे हे सांगितलं. तो रस्ता म्हणजे सरकारवरच दावा. सरकारनं नेमलेला नौदल अधिकारी आपल्याच संरक्षणमंत्र्याविरुद्ध कोर्टात गेला. ‘हमदान विरुद्ध रम्सफेल्ड’.

सोबत नील कात्याल नावाचे कायद्याचे तरुण प्राध्यापक होते. त्यांचे आईवडील भारतातून तिकडे गेलेले. पहिल्या कोर्टात जिंकले, अपिलात हरले. त्या अपिलाच्या खंडपीठावर जॉन रॉबर्ट्स होते. ते पुढे सरन्यायाधीश झाले आणि म्हणून सर्वोच्च न्यायालयात या खटल्यापासून बाजूला राहिले. उरले आठ. २९ जून २००६ ला निकाल लागला, पाच विरुद्ध तीन, हमदानच्या बाजूनं. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स स्वतः दुसऱ्या महायुद्धात नौदलात होते.

आता नीट ऐका, कारण इथेच लोकांचा गोंधळ होतो. कोर्टानं हमदान निर्दोष आहे असं म्हटलं नाही. त्याला सोडा असंही म्हटलं नाही. राष्ट्राध्यक्षांनी उभारलेली खास लष्करी न्यायालयं अमेरिकेच्याच लष्करी कायद्यात आणि जिनिव्हा करारात बसत नाहीत, एवढंच म्हटलं. त्या नियमांत आरोपीला त्याच्याच खटल्यातून बाहेर काढता येत होतं आणि पुरावा त्याच्यापासून लपवता येत होता. आपल्यावर काय आरोपाचा पुरावा आहे हेच ऐकायचं नाही, तर उत्तर काय देणार? मॅनेजिंग कमिटी साधा दंड लावताना आधी नोटीस देते की नाही?

निकालानंतर सुमारे दोन आठवड्यांत स्विफ्ट यांना कळलं की कमांडरपदी बढती नाही. तिथला नियम असा की वर चढला नाहीत तर बाहेर पडा. वीस वर्षांची नोकरी झालेली, २००७ ला ते निवृत्त झाले. बढतीचं कारण हा खटलाच होता असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. ते अटलांटाच्या एमरी विद्यापीठात कायदा शिकवायला गेले. तिथे आंतरराष्ट्रीय मानवतावादी कायद्याचं क्लिनिक त्यांच्याकडे होतं. क्लिनिक म्हणजे दवाखाना नव्हे हो, जिथे विद्यार्थी खऱ्या केसेसवर काम करतात ती जागा. मला विचाराल तर फळ्यावर कलमं लिहून जे शिकवता येत नाही ते हा माणूस तिथे शिकवू शकला असेल.

आणि अशील सोडला नाही. नवा कायदा होऊन २००८ साली हमदानवर खटला चालला, तेव्हा स्विफ्ट बचावाच्या बाजूला होतेच, आता साध्या कपड्यांत. सहा लष्करी अधिकाऱ्यांच्या ज्युरीनं त्याला कटाच्या आरोपातून सोडलं आणि मदत केल्याबद्दल साडेपाच वर्षं दिली. त्यातली पाचेक भोगून झाली होती. वर्ष संपायच्या आत तो येमेनला गेला. २०१२ मध्ये ती शिक्षाही अपिलात रद्द झाली.

आपल्याकडे कसाबचं वकीलपत्र घेण्याची वेळ आली तेव्हा मुंबईत काय झालं ते तुम्ही पाहिलंय. नेमलेल्या वकीलबाईंच्या घराबाहेर निदर्शनं झाली. कसाबला वकील मिळाला, खटला चालला, शिक्षा सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली.

आता बी विंगच्या त्या मुलाचं काय झालं, हे मनात असेलच. त्याला शिक्षा झाली. मी जीव तोडून लढलो आणि हरलो. चोरी त्यानंच केली होती, असं मला आजही वाटतं. पण पंचनाम्यातल्या दोन पंचांनी जे सांगितलं ते उलटतपासात तपासून पाहिल्याशिवाय त्याला आत पाठवणं मला जमलं नसतं.

प्रश्न असतील तर चहाच्या वेळी विचारा. डीम्ड कन्व्हेयन्सचेही चालतील.