स्त्रीबीजाचे वय
(वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनी गोडाधोडाचे बोलावे असा रिवाज आहे. परंतु लग्नाला बारा-पंधरा वर्षे झाल्यावर, उपचार करून ज्यांना दिवस जातात, त्या आपल्याच शेजारणी असतात. त्यांच्या एका तपासणीविषयी आज बोलणार आहे. १९८६ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी टेस्ट-ट्यूब बाळ जन्मले, तेव्हा केवढे नवल वाटले होते! आज तसे नवल राहिलेले नाही, पण लपवाछपवी मात्र राहिली आहे.

आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. एकविसाव्या जोडीत एक जास्तीचे आले की बाळाला डाऊन सिंड्रोम होतो. (१९५९ साली पॅरिसला हे उघडकीस आले. त्यासाठी पेशी वाढविण्याचे जिकिरीचे काम मार्त गोतिए या बाईने केले. नाव मात्र पुरुषाचे पुढे झाले. असो.) स्त्रीबीज पंचविशीतल्या बाईचे असेल तर ही शक्यता सुमारे १,२५० त एक, पस्तिशीत ३५० त एक आणि चाळिशीत १०० त एक.

अकरा ते तेरा आठवड्यांत 'डबल मार्कर' करतात, त्यात आईचे रक्त आणि सोनोग्राफीत दिसणारी बाळाच्या मानेमागची जाडी यांच्या जोडीला वय घालून गणित मांडतात. हे वय कोणाचे? ज्या बाईचे बीज, तिचे. आणि तेही बीज काढले त्या दिवशीचे. २०२१ च्या कायद्याप्रमाणे बीज देणारी २३ ते ३५ वर्षांचीच असावी लागते. आता बेचाळिशीच्या बाईने असे बीज घेतलेले असते. पण तपासणीच्या वेळी सासूबाई शेजारी, नणंद दाराशी! कागदावर बेचाळीस पडतात. उत्तर येते, धोका मोठा. मग घरात रडारड, नवस, आणि कदाचित गरज नसताना पोटात सुई.

घरात सांगायचे की नाही, हा त्या जोडप्याचा प्रश्न. पण डॉक्टरांना एकटीने गाठून खरे वय सांगाच. गर्भ गोठवून ठेवलेला असेल तर तेही सांगा. दोन गर्भ राहून एक विरून गेला असेल तर तेही; कारण 'एनआयपीटी' नावाच्या रक्ततपासणीत वारेतून आलेले अंश पाहतात, आणि विरलेल्याचे अंश फसवू शकतात. गर्भ आधी तपासून ठेवला होता म्हणून ही चाळणी टाळू नये.

होय, चाळणीच ती. धोका जास्त निघालेल्यांतही बहुतेक बाळांत काही नसते. खात्री पंधरा आठवड्यांनंतर गर्भजल तपासून होते. त्यात गर्भपाताची थोडी भीती असते, म्हणून घाईने होकार देऊ नये, विचारून घ्यावे. मुलगा की मुलगी हे मात्र कोणी विचारू नये. ते सांगणे गुन्हा आहे.

कोणाला काही विचारावयाचे असेल तर चहा झाल्यावर मला बाजूला बोलवावे. सभेत विचारलेच पाहिजे असे नाही.